आठवी जागा

तो पहिल्यांदा छापखान्यात आला तेव्हा त्याच्या एका हातात बायकी वळणाची एकच ओली चप्पल होती आणि दुसऱ्या हातात भिजून दुप्पट फुगलेली एक पुस्तिका.

सकाळचे दहा वाजले असतील. तेव्हा छापखाने खिळ्यांवर चालायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळीत बसवायचं, ओळींचं पान बांधायचं, त्या पानाचा कच्चा ठसा काढायचा. आणि मग कुणीतरी डोळ्यांत तेल घालून त्या ठशातल्या चुका शोधायच्या. ते कुणीतरी म्हणजे ती. खिडकीजवळचं टेबल तिचं. छापखान्यात सगळे तिला प्रूफताई म्हणत, आणि आता तिचं दुसरं काही नाव असेल यावर तिचाही विश्वास उरला नव्हता.

"हे तुमच्याकडे छापलंय?" त्याने पुस्तिका टेबलावर ठेवली. टेबलावर पाणी पसरलं.

"मागे छापखान्याचं नाव आहे की," ती कागद उचलून घेत म्हणाली.

"पान नऊ वाचा."

पान नऊ तिला पाठ होतं, तरी तिने वाचलं. "तिसरी जागा. खडकावरचा बुरूज. किनाऱ्यापासून दगडी वाटेने चालत दहा मिनिटे. सायंकाळी पाच वाजता जावे. सूर्यास्त पाहून परतावे."

"परतावे कसे, तेही लिहायचं होतं. पोहत?"

तिने वर पाहिलं. उन्हाने नाक सोललेलं, केस वाऱ्याने कायमचे एका बाजूला बसलेले, आणि सदऱ्याच्या खिशात नीट टोक केलेल्या तीन पेन्सिली. माणूस रागावलेला दिसत होता, पण ज्याच्या पेन्सिलींना टोक असतं त्याचं म्हणणं ती निदान ऐकून घेत असे.

"ती वाट फक्त ओहोटीला उघडी पडते," तो म्हणाला. "आणि ओहोटी रोज पाच वाजता येत नाही. दिवसाला पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. समुद्र काही कचेरीत नोकरीला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी आहे. बंदराच्या कचेरीत. भरती-ओहोटीची नोंद ठेवतो. आणि गेल्या पंधरवड्यात तुमच्या पान नऊवरून बुडालेली तीन जोडपी होडीतून आणलीत."

"बुडालेली?"

"भिजलेली," त्याने जरा खाली येऊन सांगितलं. "कमरेपर्यंत. कालच्या बाईंची एक चप्पल वाहून गेली. ही उरली. म्हणाल्या, ज्यांनी लिहिलंय त्यांना नेऊन द्या."

तिने चप्पल उलटी करून पाहिली. "माझ्या मापाची नाही."

तो हसला नाही. म्हणजे, हसू येऊ नये म्हणून त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "तुम्ही स्वतः कधी गेलाय त्या बुरुजावर?"

"नाही."

"उरलेल्या सहा ठिकाणी?"

"पाचव्या ठिकाणावरून माझी बस जाते…"

हे बोलणं छापखान्याच्या मालकांनी त्यांच्या काचेच्या खोलीतून ऐकलं. 'दोघांसाठी सात जागा' ही पुस्तिका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या समुद्राकाठच्या शहरात फिरायला येणारं प्रत्येक नवं जोडपं स्टेशनवर उतरलं की ती पुस्तिका घ्यायचं. मालकांनी दिलेल्या त्रोटक टिपणांवरून सगळा मजकूर तिने टेबलाशी बसून लिहिला होता, आणि लिहिला इतका गोड होता की लोकांना तो खरा वाटला. मालक बाहेर आले, त्यांनी चप्पल पाहिली, पुस्तिका पाहिली, आणि निकाल दिला.

"नवी आवृत्ती काढू. सुटीचा मोसम महिन्यावर आलाय. ताई, तुम्ही सातही जागा जाऊन बघा. हे मास्तर येतील बरोबर, वेळा तपासायला."

"मी?" दोघं एकदम म्हणाली.

"एकट्या माणसाला त्या जागा कळायच्या नाहीत," मालक म्हणाले आणि काचेचं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून छापखान्यात त्याचं नाव भरतीमास्तर पडलं.

ती आत्याकडे राहायची. लहानपणापासून तिला आत्यानेच वाढवलेलं. आत्याचे गुडघे कामातून गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"कामासाठी जातेयस ना?" पहिल्याच दिवशी आत्याने विचारलं. "मग केस दोनदा का विंचरलेस?"

"तिथे वारा असतो, आत्या."

"वारा तिथे गेल्यावर असतो. इथे कुठला?"

पहिली जागा म्हणजे बंदराचा बांध. समुद्रात दूरवर गेलेली दगडांची लांबलचक रेघ, टोकाला लाल दिवा. तिने पुस्तिकेत लिहिलं होतं, 'येथे दोघांनी शेजारी शेजारी चालावे.' प्रत्यक्षात तिथे एकामागून एक चालायलाच जेमतेम जागा होती, आणि दगड शेवाळाने गुळगुळीत.

"शेजारी शेजारी चाललं तर एक जण पाण्यात," तो पुढून म्हणाला. "लिहून घ्या."

"मग काय लिहू?"

"लिहा…" तो थांबला. पुढचा दगड हलत होता. त्याने मागे न बघता हात पुढे केला. तिने तो धरला. दगड ओलांडला. दोन दगड ओलांडले, तीन ओलांडले, चौथा तर चांगला पक्का होता.

"काय लिहू?" तिने पुन्हा विचारलं.

"लिहा की इथे हात धरावाच लागतो," तो म्हणाला. त्याचे कान लाल दिसत होते, पण ऊनही होतं म्हणा.

मग हे रोजचंच झालं. छापखाना सुटला की तो कोपऱ्यावर उभा असायचा. टेकडीवरच्या बागेत ते गेले. पुस्तिकेत वर्णन केलेला 'समुद्राकडे पाहणारा बाक' पाण्याच्या टाकीच्या भिंतीकडे तोंड करून होता. तरी दोघं त्यावर बसली आणि अर्धा तास भिंत पाहत राहिली, आणि तिने वहीत लिहिलं की भिंतसुद्धा वाईट नाही. बुरुजाच्या वाटेवर पाणी उतरायची वाट बघत बसावं लागलं. एकेक दगड वर येत होता, काळा, चमकणारा.

"आता जाऊ या?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"अजून दोन दगड."

"तुम्हाला कधी घाई होत नाही का हो?"

"पाण्याला घाई केलेली चालत नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "माणसांचं काय, ते मला फारसं माहीत नाही."

जुन्या बाजारपेठेतल्या कमानीचं मात्र पुस्तिकेत लिहिलं होतं ते खरं निघालं. कमानीच्या एका पायाशी भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की दुसऱ्या पायाशी उभ्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. मधून माणसं, हातगाड्या, सगळं जात असतं, आणि कुणालाही काही कळत नाही. ती एका टोकाला उभी राहिली, तो दुसऱ्या.

"काहीतरी बोला," ती दगडाला म्हणाली.

दगडातून त्याचा आवाज आला, इतका जवळून की ती दचकली. "उद्या ओहोटी पाच वाजून बारा मिनिटांनी. परवा सहा वाजून दोन मिनिटांनी…"

"मास्तर, भरती-ओहोटीशिवाय दुसरं काही येतं का तुम्हाला?"

मधून एक हातगाडी खडखडत गेली. मग, "येतं. मांडता येत नाही."

तिला तोंड फिरवून त्याच्याकडे बघायचं होतं, पण बघितलं असतं तर ऐकू आलं नसतं. ती तशीच भिंतीला गाल लावून उभी राहिली. एका हातगाडीवाल्याने तिला बरं वाटतंय ना, म्हणून विचारलंसुद्धा.

मांडणं हे तिचं काम. म्हणून तिने त्याला प्रूफ तपासायला शिकवलं. वेळांचा नवा तारीखवार तक्ता त्यालाच तपासायचा होता. तो तिच्या टेबलाशी स्टुलावर बसे आणि ती खुणा दाखवी. अक्षर काढायचं तर ही खूण, घालायचं तर ही, जागा सोडायची तर ही.

"आणि चुकून बरोबर शब्दच खोडला तर?"

"तर खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. अशी, ओळीने. म्हणजे खोडलेलं तसंच राहू द्या."

"एकदा खोडलेलं परत येतं?"

"टिंबं दिली की येतं. मग खिळेमामा काही विचारत नाहीत." खिळेमामा म्हणजे खिळे जुळवणारे. पस्तीस वर्षं हेच काम. ते आपल्या खणांपुढून म्हणाले, "विचारतो कशाला? मजकूर वाचायला बसलो तर माझं काम कधी व्हायचं? मी खुणा बघतो."

मास्तरांनी एका कोऱ्या कागदावर एक शब्द लिहिला, खोडला, आणि खाली हलक्या हाताने टिंबं दिली. कुठला शब्द, ते त्यांनी दाखवलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

खाडीवरची नाव ही सहावी जागा. एका गुरुवारी छापखाना दुपारीच सुटला, तेव्हा ते पैलतीराला गेले, उतरलेच नाहीत, तसेच परत आले, आणि परत येऊनही उतरले नाहीत. वरच्या बाकावर वारा होता, तिचा पदर त्याच्या तोंडावर जात होता, आणि तो दर वेळी तो काळजीपूर्वक परत देत होता, जसा काही कुणाचा पडलेला रुमाल.

सोमवारी अचानक सर आली तेव्हा ते धक्क्यावर होते. पळत त्याच्या कामाच्या खोलीत शिरले. धक्क्याच्या अगदी टोकाला एक एवढीशी लाकडी खोली, बाहेर एक बाक. खोलीच्या जमिनीत विहिरीसारखं भोक, त्यात पाण्यावर तरंगणारा लोखंडी गोळा. पाणी चढलं की गोळा चढे, त्याला बांधलेली लेखणी चढे, आणि घड्याळाच्या किल्लीवर हळूहळू फिरणाऱ्या रुळावरच्या कागदावर समुद्राची रेघ उमटे. वर, खाली, वर, खाली. आठवड्याचा एक कागद.

त्याने त्या आठवड्याचा उतरवलेला कागद तिच्यापुढे धरला. ती सवयीने चुका शोधायला लागली.

"इथे थरथरलंय."

"मोठी बोट गेली तेव्हा."

"आणि हे काय?" एका ठिकाणी रेघ पुढे सरकलीच नव्हती. लेखणी एकाच जागी वर-खाली गिरवत राहिली होती. तिथे जाड शाईचा एक उभा डाग, आणि पुढे कोरी जागा.

"ते… घड्याळ थांबलं होतं," तो म्हणाला. "चार वाजता किल्ली द्यायची असते. राहून गेली."

"कधी?"

"गुरुवारी."

गुरुवारी चार वाजता ते नावेच्या वरच्या बाकावर होते.

"अशी बऱ्याचदा राहते?" तिने कागदावरची नजर न काढता विचारलं.

"सहा वर्षांत पहिल्यांदा."

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिला वाटलं, आता तो काही बोलेल. त्याला वाटलं असावं, ती बोलेल. मध्ये टेबलावर एक उघडं पत्र पडलं होतं आणि नको तिथे डोळा जाणं हा तिच्या धंद्याचा दोषच होता. मुख्य कचेरीचं पत्र. दक्षिणेकडच्या बेटावर नवं ठाणं उघडायचंय, तीन वर्षांसाठी बदली, मान्य की अमान्य ते पंधरा तारखेच्या दुपारच्या टपालाने कळवावे.

"बेटावर?" ती म्हणाली.

"मोठं काम आहे. नको असेल तर नाही म्हणता येतं." तो लेखणीकडे बघत होता. "काय करावं?"

दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःचं एक वाक्य तिला तेव्हा धड बोलता आलं नाही.

"छान आहे की," ती म्हणाली.

"छान," तो म्हणाला. सर थांबली होती. ते परत निघाले, आणि त्या दिवशी धक्क्याचे दगड निसरडे झाले होते तरी कुणी हात पुढे केला नाही.

बारा तारखेला त्याने शेवटचं प्रूफ तपासून पाठवलं. सोबत चिठ्ठी, उद्या संध्याकाळी येतो. वेळांचा तक्ता अचूक. सातव्या जागेचं पान संपलं तिथे खाली, पेन्सिलीने, त्याच्या टोकदार अक्षरात तीन वाक्यं लिहिलेली होती.

'आठवी जागा. धक्क्याच्या टोकाची भरतीची खोली, बाहेर बाक आहे. वेळ कोणतीही चालेल. येथे एक जण वाट पाहत असतो.'

आणि त्या सगळ्यावरून पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ काट.

ती खूप वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. मग तिने आपली पेन्सिल घेतली, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, एकही शब्द निसटू नये अशी, खाली टिंबं दिली. उद्या तो आला की हे पान त्याच्यापुढे सरकवायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. तोंडाने काही बोलावं लागणार नव्हतं.

पण तेराला दुपारीच शेजारणीचा निरोप आला, आत्या मोरीत घसरली. ती टेबलावर सगळं तसंच टाकून घरी पळाली. आत्याचा पाय मोडला नव्हता, पण सुजून टम्म झाला होता. दोन दिवस तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आलं नाही.

"तुझं लक्ष कुठंय?" आत्या म्हणाली. "पाय माझा सुजलाय आणि तू त्या उशीला लेप लावतेयस."

मग तिने सगळं सांगितलं. टिंबांपर्यंत. आत्याने डोळे मिटून ऐकलं.

"पंधरा म्हणजे उद्या," आत्या म्हणाली. "उद्या शेजारीण बसेल माझ्यापाशी. तू जा. आणि कागद घेऊन जाऊ नकोस, तोंड घेऊन जा."

पंधराला सकाळी ती आधी छापखान्यात गेली, कारण कागद घेतल्याशिवाय तिला धीर होईना. टेबलावर प्रूफ नव्हतं.

"ते होय? तेराला दुपारीच घेतलं," खिळेमामा म्हणाले. "पुरं तपासलेलं होतं की. जुळवलं, छापलं, बांधलं. गठ्ठे स्टेशनवर गेलेसुद्धा सकाळी."

"मामा… शेवटचं पान?"

"तुमच्या खुणांबरहुकूम." त्यांनी एक प्रत पुढे केली. शाईचा वास अजून ओला होता. शेवटच्या पानावर, ठसठशीत खिळ्यांत, आठवी जागा. एकही चूक नाही.

"मास्तर आले होते का?"

"तेराला संध्याकाळी. म्हटलं, ताई नाहीत, प्रूफ छपाईला गेलं. काही निरोप ठेवलाय का, विचारत होते. मी म्हटलं, काही नाही." मामांनी चष्मा वर केला. "होता का काही?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. म्हणजे त्याला वाटलं असणार, तिने ती खोडलेली ओळ वाचली, आणि एक शब्द न बोलता पान पुढे पाठवून दिलं. साडेअकरा वाजत होते. दुपारचं टपाल बाराला निघायचं.

धक्का तिला इतका लांब कधी वाटला नव्हता. टोकाशी पोचली तेव्हा दम लागला होता, आणि दोनदा विंचरलेल्या केसांचा काही उपयोग उरला नव्हता. खोलीबाहेरच्या बाकावर एक नवं जोडपं बसलेलं. मुलीच्या मांडीवर हिरव्या कव्हराची नवी पुस्तिका. मास्तर दारात उभे, हातात तसलीच दुसरी प्रत, बहुधा त्या मुलाची, शेवटच्या पानावर उघडलेली.

"अहो, हे इथे लिहिलंय ना," मुलगी त्यांना विचारत होती, "एक जण वाट पाहत असतो म्हणून. तो कोण? आम्ही केव्हाचे शोधतोय."

मास्तरांनी वर पाहिलं. तिला पाहिलं. आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कोणत्याही तक्त्यात न बसणारा झाला.

"ही छपाईची चूक आहे का?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू, कमानीतल्यासारखा.

हो म्हणणं सोपं होतं. चुका होतात. शुद्धिपत्र काढता येतं.

"नाही," ती म्हणाली. "मी टिंबं दिली होती."

"किती?"

"ओळीच्या शेवटापर्यंत. सगळ्यांखाली."

वारा होता. बाकावरचं जोडपं एकमेकांकडे बघत होतं. त्यांना टिंबांचं काही कळलं नाही, पण बाकीचं सगळं कळलं.

"तुम्ही छान म्हणालात," तो म्हणाला.

"ते प्रूफ न तपासता बोलले." तिचा श्वास अजून ठिकाणावर नव्हता. "तुम्ही नाही गेलात तर मला बरं वाटेल. म्हणजे… बरं नाही. तुम्ही गेलात तर मला चालणार नाही. पत्र कुठाय?"

पत्र त्याच्या खिशात होतं, लिहून तयार. तिने ते उघडलं. 'बदली मान्य आहे.' खाली वळणदार सही. तिने त्याच्याच खिशातली एक पेन्सिल काढली, 'आहे' खोडलं आणि वर 'नाही' लिहिलं.

"साहेबांना खाडाखोड चालत नाही," तो म्हणाला.

"मग स्वच्छ प्रत करा. मी वाचून बघते."

त्याने आत जाऊन प्रत केली. तिने उभ्याने वाचली, एक वेलांटी सुधारली, आणि ते दोघं टपालकचेरीपर्यंत अक्षरशः पळाले. टपालाची पिशवी शिवत होते तेव्हा पत्र आत पडलं. परत येताना दोघांनाही घाई नव्हती. परत खोलीशी आले तेव्हा ते जोडपं अजून तिथेच होतं.

"आम्ही उठू का?" मुलाने अवघडून विचारलं.

"बसा, बसा," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे छापील आहे."

मग दुसऱ्या बाजूला, खोलीच्या पायरीवर, दोघं बसली. त्याने तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. काय म्हटलं, ते पाण्याच्या आवाजात बाकावरच्यांना ऐकू आलं नाही, आणि इथे सांगायचं कारण नाही.

पुढच्या सोमवारी रुळावरचा कागद उतरवताना ती तिथे होती. पंधरा तारखेपर्यंत रेघ सुरेख चालली होती. पंधराला चारच्या पुढे पुन्हा तोच जाड उभा डाग, आणि तासाभराची कोरी जागा. नोंदवहीत कारणाचा रकाना होता. गेल्या खेपेला त्याने लिहिलं होतं, 'किल्ली द्यायची राहिली.'

"या वेळी काय लिहू?" त्याने विचारलं.

"खरं लिही."

त्याने थोडा विचार केला, पेन्सिलीचं टोक पाहिलं, आणि लिहिलं, 'वाट पाहणे संपले.' मग त्याचं त्यालाच ते सरकारी वहीत फार वाटलं असावं. त्याने पट्टी घेतली आणि त्यावरून सरळ काट मारली.

तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली, आणि खाली, ओळीने, टिंबं दिली.